तुटलेला अ‍ॅक्सल काय सांगतो?

हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याच्या ऊसपट्ट्यात भरलेल्या ट्रॉलीचा अ‍ॅक्सल तुटला, की पहिला शेरा ठरलेला: 'माल हलका होता.' खरे कारण मात्र तुटलेल्या तोंडावर उमटलेले असते.

● शिंपल्यासारख्या वक्ररेषा, गुळगुळीत भाग: धातू थकून तुटला. तडा हळूहळू वाढत होता. रेषांचा रोख जिथे जातो, तिथे सुरुवात. ती बहुधा चावीची खाच, तीक्ष्ण कोपरा, गंजाचा खड्डा किंवा वेल्डिंगजवळ सापडते.

● शेवटचा खरबरीत भाग: इथे अ‍ॅक्सल एका झटक्यात तुटला. हा भाग मोठा असेल, तर भार जास्त होता; लहान असेल, तर भार बेताचाच होता.

● चकाकते, दाणेदार तोंड, वाक नाही: ठिसूळपणे तुटला.

● ताणलेले, निस्तेज तोंड: भार सोसेना म्हणून आधी वाकला, मग तुटला.

● सूक्ष्मदर्शकाखाली: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात लवचिक तुटीत बारीक खळगे दिसतात, थकव्यात समांतर रेघा. त्या रेघांमधले अंतर अनेकदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते.

● इतिहास: 8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटला आणि 50 हून अधिक प्रवासी दगावले. धातूच्या थकव्याच्या अभ्यासाला तिथून चालना मिळाली.

हे टाळा: तुटलेली तोंडे एकमेकांवर जुळवून पाहू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. आधी फोटो काढा, दोन्ही तुकडे कोरडे ठेवा. वेल्डिंगचा विचार त्यानंतर.