पुंगळीवरचा आकडा

माझ्या टेबलावर काडतुसाची एक रिकामी पितळी पुंगळी उभी आहे. सव्वातीन इंच उंच, बुडाशी अंगठ्याएवढी जाड. तिच्यात जेमतेम एक पेन्सिल राहते. बुडावर ४७० हा आकडा आहे.

ही नानांची. नाना म्हणजे माझ्या अम्मीचे वडील, परतवाड्याचे. चाळीसच्या दशकात मेळघाटात शिकारीला येणाऱ्या साहेबांची दुसरी रायफल खांद्यावर घेऊन ते चालत. शिकारीचे कौतुक सांगायला मी बसलेलो नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून तो शौक आवरत गेला, हे बरेच झाले. पण ४७० हा असा आडनिडा आकडा का, हे कोडे मला लहानपणापासून होते. त्याचे उत्तर जनावरांत नाही, सरकारच्या धास्तीत सापडले.

हा आकडा म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी ४७० भाग. सुमारे १२ मिलिमीटर. हत्ती-गव्यासाठी पूर्वी याहून कितीतरी रुंद नळ्यांच्या बंदुका असत. काळी दारू गोळीला फार वेग देऊ शकत नसे, म्हणून शिशाचा गोळाच मोठा घ्यायचा. शिवाय बार झाला की एवढा धूर, की समोरचे जनावर पडले की अंगावर येते आहे ते दिसायचे नाही. मग कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. १८९८ मध्ये इंग्लंडच्या जॉन रिग्बी यांनी ती ४५० च्या लांब पुंगळीत भरली. तिच्यात नायट्रोग्लिसरीन असल्यामुळे या जातीच्या काडतुसांना नायट्रो एक्सप्रेस नाव पडले.

पण ४५० हेच माप लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचेही होते. त्यातल्या कितीतरी सरहद्दीवरच्या आणि सुदानमधल्या बंडखोरांच्या हाती गेलेल्या. शिकारीच्या काडतुसातली गोळी काढून त्यांनी ती आपल्यावरच झाडली तर? १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात ४५० चे माप बंद केले. कारागीर लोक हुशार. त्यांनी माप थोडे सरकवले आणि ४६५, ४७०, ४७५ अशी भावंडे जन्माला आली. त्यांतले जोसेफ लँग यांचे ४७० इतर बंदूकवाल्यांनीही उचलले, म्हणून ते टिकले.

त्याची गोळी सुमारे ३२ ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या आसपास. पोलिसांच्या जुन्या ३०३ च्या दुपटीहून अधिक तडाखा. पुंगळी इतकी ऐसपैस कशाला? तर आपल्या उन्हात कॉर्डाइट तापले की नळीतला दाब वाढतो आणि रिकामी पुंगळी आत चिकटून बसते. जनावर अंगावर येत असताना दुसरे काडतूस भरता आले नाही तर संपलेच. म्हणून जागा जास्त, दाब कमी. गोळ्याही दोन तऱ्हेच्या: वाघासाठी मऊ टोकाची, आत शिरून फुलणारी, हत्तीसाठी टणक, न वाकता आरपार जाणारी.

आता गंमत पाहा. आफ्रिकेत वॉल्टर बेल नावाच्या शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले, त्यांतले बहुतेक सात मिलिमीटरच्या हलक्या रायफलीने. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो, हे त्याने पक्के शिकून घेतले होते. मग हे तोफेसारखे काडतूस कशासाठी? जिथे नेम धरायला सवडच नाही, अशा वेळेसाठी. झाडीतून दहा पावलांवर जखमी जनावर निघाले, की मारण्याआधी ते थांबवावे लागते.

नानांच्या नशिबी तीच वेळ आली. साहेबाने आदल्या संध्याकाळी हलक्या रायफलीने गवा जखमी केला होता. सकाळी नाना पुढे रक्ताचे थेंब पाहत चाललेले, साहेब मागे ४७० घेऊन. बांबूतून गवा सरळ नानांवर आला. साहेबाने त्यांच्या डाव्या कानाजवळून बार काढला. गवा गुडघ्यांवर बसला, नाना वाचले. तो कान मात्र कायमचा गेला. साहेबाने बक्षीस दिले पाच रुपये. पुंगळी नानांनी स्वतः उचलून आणली.

पुंगळीच्या तोंडावर आडवी फुंकर घातली की छान शीळ वाजते. लहानपणी आम्ही भावंडे त्यांच्या डावीकडे जाऊन ती वाजवायचो. नाना ढिम्म. उजवीकडून वाजवली की म्हणायचे, ‘बघा रे, गाडी आली वाटतं.’