धरसेनाचार्यांची परीक्षा

गिरनारच्या चंद्रगुंफेतील वृद्ध धरसेनाचार्यांना श्रुतविच्छेदाची चिंता होती. त्यांच्या पत्रावरून दक्षिणेच्या मुनिसंघाने दोन साधू पाठविले. संघाची निवड उत्तमच. तरी आचार्यांनी परीक्षा घेतली, असे धवला टीका सांगते. दोघांना एकेक मंत्र दिला; एकात अक्षर अधिक, दुसऱ्यात उणे. साधनेअंती एक देवी दंतुर, दुसरी एकाक्ष प्रकटली. देवता विरूप नसतात, हे जाणून दोघांनी मंत्र शुद्ध करून पुन्हा जपले. गुरूंनी दिला म्हणून दोष झाकला नाही, हे विशेष! मगच अध्यापन सुरू झाले.

हेच पुष्पदंत आणि भूतबली. पुष्पदंतांनी १७७ सूत्रे रचून जिनपालितांकरवी भूतबलींकडे धाडली. सहकारी अल्पायुषी आहेत, हे ओळखून भूतबलींनी उर्वरित षट्खंडागम रचला.