चारी बुजवण्याआधी

कालव्याचे पाणी शेतात कसे येते हे पुसदच्या मुलांना सांगायला नको. कालव्यातून पाटचारी निघते, तिच्यातून लहान चाऱ्या फुटतात. एखादी चारी फुटली, तर आपण वर जाऊन तिचे तोंड बुजवतो. पण त्याच चारीवर शेजाऱ्याचेही रान भिजत असेल तर? म्हणून बुजवण्याआधी ती कुठे कुठे जाते हे पाहावेच लागते.

डॉक्टरांनाही कधी कधी हेच करावे लागते. जुन्या क्षयरोगात एखाद्या रुग्णाला खोकल्यावाटे पुष्कळ रक्त पडू लागते. ते श्वासनलिकांत साचले, तर रुग्ण गुदमरतो.

हे रक्त येते कोठून? फुप्फुसांकडे रक्त दोन वाटांनी जाते. फुप्फुस-रोहिणीतून फार मोठा प्रवाह जातो, पण त्याचा दाब कमी असतो. श्वासनलिकांना पोसणाऱ्या बारीक रोहिण्या मात्र थेट महारोहिणीतून निघतात. त्यांतून रक्त थोडेच जाते, परंतु दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे फुप्फुस-रोहिणीतील दाबाच्या सुमारे पाचपट! क्षयाने या रोहिण्या फुगतात आणि बहुतेक वेळा त्याच फुटतात.

त्या बंद करण्यासाठी छाती उघडावी लागत नाही. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. सुईने रोहिणीत शिरायचे, सुईतून तार आत सरकवायची, सुई काढून तारेवरून बारीक नळी घालायची. जांघेची जागा बधिर करून नळी अशी छातीपर्यंत नेता येते.

पण आत दिसणार कसे? क्ष-किरणांच्या चित्रात रक्त आणि मांस सारखेच दिसतात. आयोडीनचा अणुक्रमांक ५३ आहे. ते क्ष-किरण चांगले शोषते. म्हणून नळीतून आयोडीनयुक्त द्रव सोडतात. त्याआधीचे चित्र नंतरच्या चित्रातून संगणक वजा करतो. हाडे नाहीशी होतात, उरतो फक्त रोहिण्यांचा नकाशा. तुमच्या गणितातली साधी वजाबाकीच ही!

या नकाशावरच सारी सुरक्षितता अवलंबून असते. कधी कधी याच रोहिणीतून मेरुरज्जूला रक्त देणारी केसासारखी शाखा फुटते. ती चुकून बुजली, तर रुग्णाचे पाय कायमचे लुळे पडू शकतात. हीच ती शेजाऱ्याची चारी! अशी शाखा दिसली, तर नळी तिच्या पुढे नेतात. ते जमत नसेल, तर तेथेच थांबतात. क्ष-किरणांचाही धोका असतोच. म्हणून ते लागतील तेवढेच वापरतात. डॉक्टर शिशाचा अंगरखा घालतात. उगमापासूनचे अंतर दुप्पट केले, की किरणांची तीव्रता चौथाई होते, हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच.

मग उपयोग किती? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रवि रामाकांतन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. क्षयामुळे पुष्कळ रक्त पडणाऱ्या १४० रुग्णांच्या रोहिण्या त्यांनी जिलेटिनच्या स्पंजाच्या तुकड्यांनी बंद केल्या होत्या. १०२ जणांचा, म्हणजे शंभरात ७३ जणांचा, रक्तस्राव आटोक्यात आला. शल्यक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांसाठी हे फार मोठे यश होय.

पण उरलेल्या ३८ जणांना विसरू नका. शिवाय जिलेटिन कालांतराने विरघळते आणि मूळ रोग तसाच असेल, तर नव्या रोहिण्याही वाढतात. नळी रक्त थांबवते, क्षयाचे जंतू मारत नाही. ते काम औषधांचे. ती पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावीच लागतात, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात.

म्हणून “टाके नाहीत, म्हणजे धोका नाही” असे कोणी म्हणाले, तर त्याला दोन प्रश्न विचारा : आत नीट दिसले का? आणि मूळ रोगाचे काय?