क्रॉफर्डची वाट, हिवाळ्यात आणि एकट्याने

कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून 1646 मीटर उंच आहे, आणि अमेरिकेच्या ईशान्य भागातील न्यू हॅम्पशायर संस्थानात लाफायेट नावाचा जो पर्वत आहे तो तिच्याहून सुमारे 45 मीटरांनी ठेंगणाच आहे. तथापि नवरात्रात ज्या कळसूबाईवर म्हाताऱ्या आज्या आणि कडेवरची मुले दर्शनाला जातात, तिच्या उंचीचा दाखला देऊन कोणी जानेवारीच्या एखाद्या सकाळी लाफायेटवर निघेल, तर दुपारपर्यंत त्याच्या जिवाची शाश्वती कोणालाही देता येणार नाही. बॉस्टन आणि त्याच्या परिसरात स्थायिक झालेल्या, राजगड-तोरण्याच्या वाटा पायांखालून गेलेल्या मराठी तरुण मंडळींना मोटारीने दोन-अडीच तासांवर असलेल्या ह्या ‘व्हाइट माउंटन्स’ पर्वतरांगेची ओढ लागावी हे स्वाभाविकच आहे. त्यांतील काहींना पुढे हिवाळ्यातही, आणि सोबती न मिळाल्यास एकट्यानेही, तेथे जावेसे वाटते. ह्या छंदाचे स्वरूप काय, त्यात आनंद कोठे आहे आणि जोखीम कोठे, हे त्यांना आणि येथे घरी त्यांची काळजी करणाऱ्या त्यांच्या आईवडिलांनाही ठाऊक असावे, ह्या हेतूने हे लिहीत आहे.

पर्वत ठेंगणे असूनही इतके कठोर का, ह्याचे उत्तर अक्षांशात आणि वाऱ्यात आहे. विषुववृत्तापासून 44 अंश उत्तरेला असलेल्या ह्या मुलखावरून निरनिराळ्या दिशांनी येणाऱ्या वादळांचे मार्ग जातात, आणि त्यांच्या आड उभी राहिलेली ही रांग वाऱ्याला अडवून, दाबून, शिखरावरून अधिक वेगाने सोडून देते. रांगेतील सर्वोच्च शिखर माउंट वॉशिंग्टन. उंची 1917 मीटर. तेथे 1932 पासून एक वेधशाळा आहे, आणि तिच्या दप्तरात 12 एप्रिल 1934 रोजी ताशी 372 किलोमीटर वेगाच्या झोताची नोंद आहे. पुढे ऑस्ट्रेलियाजवळच्या एका बेटावर स्वयंचलित यंत्राने ह्याहून मोठा आकडा टिपला. परंतु माणसे जातीने हजर असताना मोजला गेलेला इतका प्रचंड वारा दुसरीकडे कोठेही नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये ह्याच शिखरावर तापमान शून्याखाली 44 अंश सेल्सियसपर्यंत उतरले, आणि वारा जमेस धरता शरीराला भासणारी थंडी शून्याखाली 78 अंशांची होती. असले दिवस अपवादात्मक, हे खरे. पण रोजच्या व्यवहारातले गणितही पुरेसे बोलके आहे: हवा उणे 18 अंशांवर असेल आणि वारा ताशी 48 किलोमीटरने वाहत असेल, तर उघड्या कातडीला उणे 32 अंशांची थंडी बाधते आणि अर्ध्या तासात नाकाचा शेंडा किंवा गालाचा तुकडा गोठू लागतो. सुमारे 1400 मीटरांच्या वर वृक्ष उभे राहू शकत नाहीत. तेथे गुडघाभर उंचीची, वाऱ्याच्या झोताबरोबर वाकलेली खुरटी झुडपे आणि त्यांच्या पलीकडे नुसते खडक. जंगलातून वर येणाऱ्याला ही वृक्षरेषा ओलांडताक्षणी दुसऱ्याच ऋतूत पाऊल टाकल्याचा अनुभव येतो.

एकट्याने आरंभ करावयाचा तर तो लाफायेटच्या कड्यावर न करता क्रॉफर्डच्या वाटेवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एबल क्रॉफर्ड आणि त्याचा पुत्र ईथन ॲलन क्रॉफर्ड पायथ्याच्या खिंडीत राहणाऱ्या पितापुत्रांनी 1819 मध्ये खोदलेली ही वाट आजतागायत अखंड वापरात असून, अमेरिकेतील सततच्या देखभालीत असलेली सर्वांत जुनी डोंगरवाट असा तिचा लौकिक आहे. पायथ्यापासून सुमारे पाच किलोमीटरांत ती 1300 मीटरांवरील माउंट पिअर्सच्या माथ्याशी येते. जवळजवळ संपूर्ण चढ घनदाट स्प्रूस आणि फर वृक्षांच्या आडोशाने होतो, चढण एकसारखी आहे, आणि शनिवार-रविवारी इतकी माणसे वर जातात की हिम तुडवले जाऊन वाट घट्ट होते. माथ्याजवळ पोहोचल्यावर पुढे आयझेनहॉवर आणि वॉशिंग्टन ह्या शिखरांकडे जाणारा उघडा कणा दृष्टीस पडतो. परतण्याचा निर्णय जेथे घ्यावयाचा ती जागा ही अशी ठळक, डोळ्यांना दिसणारी असते. नवख्याला ह्याहून चांगली शाळा नाही.

हिमात चालण्यासाठी बुटाखाली बांधावयाच्या स्नोशूंविषयी थोडे सविस्तर लिहावयास हवे, कारण आपल्याकडे ही वस्तू पाहण्यात नाही. उत्तर अमेरिकेच्या आदिवासींनी शेकडो वर्षांपूर्वी ॲश वृक्षाचे लाकूड वाफेवर वाकवून त्याची लांबट चौकट केली आणि आपण बाजेला सुंभ विणतो तशी तीत कच्च्या चामड्याची वादी विणली. क्री, अल्गॉन्क्विन इत्यादी जमातींच्या हिवाळी शिकारी आणि प्रवास ह्याच साधनावर चालत. हल्ली चौकट ॲल्युमिनियमची किंवा संपूर्ण तळ प्लॅस्टिकचा असतो, आणि खाली पोलादी दात बसविलेले असतात. तत्त्व साधे आहे: माणसाचे वजन बुटाच्या तळाएवढ्या जागेवर न पडता त्याच्या कित्येक पट क्षेत्रावर पसरते, म्हणून जेथे नुसता बूट मांडीपर्यंत रुतला असता तेथे पाऊल वीतभरच दबते. बूट केवळ चवड्याशी जखडलेला असतो; टाच मोकळी उचलली जाते आणि स्नोशूचे शेपूट हिमावरून ओढले जाते. त्यामुळे मागे पाऊल टाकता येत नाही, वळावयाचे तर अर्धवर्तुळ घेऊन वळावे लागते. तीव्र चढावर टाचेखाली धातूची एक कडी उभी करता येते, तिच्यावर टाच टेकली म्हणजे पोटऱ्यांवरील ताण निम्म्याने उतरल्यासारखा वाटतो. शेजारच्या न्यूयॉर्क संस्थानातील उंच पर्वतांच्या प्रदेशात आठ इंचांहून अधिक हिम असेल तर स्नोशू किंवा स्की पायांत असण्याची सरकारी सक्तीच आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये कायदा नाही, पण शिरस्ता तितकाच कडक आहे, कारण नुसत्या बुटांनी पाडलेले खोल खड्डे रात्री गोठतात आणि दुसऱ्या दिवशी मागून येणाऱ्याचा घोटा मोडावयास कारणीभूत होतात.

तुडवलेल्या वाटेच्या बाजूला काय असते, हे मात्र स्नोशू घालणाऱ्यानेही जाणून घेतले पाहिजे. हिमाखाली कोवळे स्प्रूस वृक्ष शेंड्यापर्यंत गाडले गेलेले असतात, आणि त्यांच्या पसरट फांद्यांखाली हिम न शिरल्याने पोकळ्या राहतात. वरून पृष्ठभाग निष्पाप, सपाट दिसतो. त्यावर पाय पडला की माणूस क्षणार्धात छातीपर्यंत आत जातो, आणि स्नोशू फांद्यांच्या जाळीखाली अडकून बसतो. दोघे असतील तर हसण्याचा प्रसंग. एकट्याला मात्र पाठीवरील पिशवी सोडून ती पुढे आडवी टाकावी लागते, हाताने हिम उकरून, वाकून, न दिसणाऱ्या बंधाची कडी बोटांनी चाचपत सोडवावी लागते, आणि ह्या सर्व खटाटोपात हातमोजे भिजून जातात.

भिजणे हाच ह्या व्यवहारातील खरा शत्रू. थंडीच्या देशात घामाची भीती बाळगावी हे आपल्याकडील वाचकाला विचित्र वाटेल, परंतु अनुभवी मंडळी ज्या एका गोष्टीवर सर्वाधिक भर देतात ती हीच. चढताना शरीर भट्टीसारखी उष्णता निर्माण करते. अंगात जाड कोट असेल तर आतले कपडे घामाने चिंब होतात, आणि माथ्यावर दहा मिनिटे थांबताच तोच ओलावा शरीरातील ऊब वेगाने बाहेर ओढू लागतो. सुती कापड ओले झाले की त्याची ऊब संपते, म्हणून आपला आवडता सुती सदरा येथे घातक ठरतो. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे पातळ कपडे एकावर एक घालावयाचे, आणि निघताना थोडी थंडी वाजतच असली पाहिजे. दहा मिनिटांनी थांबून एक थर उतरवावा, तासाभराने आणखी एक, उघड्या जागी पोहोचण्यापूर्वी, वारा लागण्याच्या आधीच, सर्व पुन्हा अंगावर चढवावे. पाण्याची बाटली लोकरी मोज्यात गुंडाळून पिशवीत उलटी ठेवतात. पाणी वरून खाली गोठत जाते. बाटली उलटी असली म्हणजे तो बर्फ तळाशी धरतो आणि झाकण मोकळे राहते. मोबाइलची विजेरी थंडीत पाहता पाहता निकामी होते, म्हणून तो आतल्या खिशात, छातीशी. चॉकलेट दगडासारखे होते; पाण्याचा अंश नसलेला आपला चिवडा मात्र गोठत नाही.

आता एकटेपणाविषयी. हिवाळ्यात चौघांनी जावे, असा जुन्या जाणकारांचा सल्ला असतो आणि त्यामागील हिशेब बिनतोड आहे: एक जायबंदी झाला तर एकाने त्याच्यापाशी थांबावे आणि उरलेल्या दोघांनी मदतीला धावावे. एकटा माणूस ह्या तिन्ही भूमिका एकट्यानेच पार पाडतो. त्याचा घोटा मुरगळला तर चालणे थांबते, चालणे थांबले की ऊब थांबते, आणि डिसेंबरात तर दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून पाच तासांच्या वाटेवर जाणाऱ्या एकट्याच्या पिशवीत रात्र काढण्यापुरती तजवीज असावी लागते: पिसांचा जाड कोट, हिमावर बसावयास फोमची चटई, झोपण्याची पिशवी, डोक्याला बांधावयाचा दिवा आणि तसाच एक जादा दिवा. हे ओझे पुष्कळांना अनाठायी वाटते. मला ते एकट्याने जाण्याचे रास्त मोल वाटते, आणि ज्याची ते वाहण्याची तयारी नाही त्याने सोबत शोधावी.

परंतु साहित्याने न भागणारी एक उणीव राहतेच, ती म्हणजे दुसऱ्याच्या मताची. थंडीने शरीराचे तापमान उतरू लागले की बोटे आधी ताठर होतात, मग पाऊल अडखळते, जीभ जड होते, आणि ह्या सर्वांबरोबर विवेकबुद्धीही मंदावते. ज्याच्यावर हे गुदरत असते त्यालाच त्याचा पत्ता नसतो. सोबती ते ओळखतो. एकट्याने म्हणून निर्णय घरीच, उबेत बसून, घेऊन ठेवावे: किती वाजता, कोठवर आलो असेन तेथून, परत फिरायचे; वारा किती असेल तर वृक्षरेषा ओलांडायची नाही; आणि हा कागद घरातील एका जबाबदार माणसाच्या हवाली करून, अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे तेही त्यावर लिहावे. वेधशाळा उंच शिखरांपुरता स्वतंत्र अंदाज रोज प्रसिद्ध करते. तो पहाटे वाचल्याखेरीज घर सोडू नये.

सोबती असला म्हणजे शहाणपण आपोआप येते असे मात्र समजू नये. 30 जून 1900 रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, न्यूयॉर्कचे नामांकित क्रीडापटू विल्यम कर्टिस आणि त्यांचे तरुण मित्र ॲलन ऑर्म्सबी हे दोघे ॲपलेशियन माउंटन क्लबच्या वॉशिंग्टन शिखरावरील सभेसाठी ह्याच क्रॉफर्डच्या वाटेने निघाले. वरून खाली येणाऱ्यांनी त्यांना वादळाची खबर देऊन परत फिरण्याविषयी विनविले. आज ज्याला आयझेनहॉवर म्हणतात त्या शिखरावरील नोंदवहीत दोघांनी आपली नावे लिहिली आणि हवेविषयीही लिहिले, म्हणजे संकटाची जाणीव त्यांना होती. तरीही ते पुढे गेले, आणि बर्फाच्या पावसात दोघेही वाटेवर मरण पावले. ज्याच्या डोळ्यांनी हवा पाहिली, ज्याच्या हाताने ती नोंदली, त्याच्याच पायांनी ती मानली नाही, ही ह्या घटनेतील गोष्ट मला दर वेळी अस्वस्थ करते. गेल्या काही वर्षांतही ह्या कड्यांवर धडधाकट, तयारीची माणसे एकट्याने जाऊन प्राणास मुकली आहेत.

अशा वेळी शोधाला निघतात ते संस्थानाच्या मत्स्य व शिकार खात्याचे अधिकारी आणि त्यांच्याबरोबर रात्री-अपरात्री, त्याच वाऱ्यात, विनामोबदला चढणारे स्वयंसेवक. न्यू हॅम्पशायरच्या कायद्यान्वये, ज्याच्या हलगर्जीपणामुळे ही धावपळ करावी लागली त्याच्याकडून तिचा खर्च वसूल करण्याची मुभा सरकारला आहे. 2015 पासून निघालेले ऐच्छिक वार्षिक कार्ड घेतल्यास हलगर्जीपणाच्या वसुलीतून सूट मिळते, निव्वळ बेदरकारपणाला मात्र माफी नाही. ह्या तरतुदीवर पुष्कळ टीका होते. मला ती न्याय्य वाटते, कारण एकटा जाणारा आपला जीव एकट्याच्या जबाबदारीवर घेऊन जातो असे म्हणणे खोटे आहे. त्याच्या मागे किमान डझनभर माणसांचा जीव टांगणीला लागू शकतो.

एवढे सगळे असताना एकट्याने जायचे तरी कशाला? पिअर्सच्या माथ्याखालच्या जंगलात शांत उभे राहिलेल्यालाच ह्याचे उत्तर मिळते. चौघे जण चालत असताना स्नोशूंचा खडखडाट आणि बोलणे ह्यांत जे हरवते, ते एकट्याला सापडते. करड्या रंगाचा, मुठीएवढ्या अंगाचा कॅनडा जे नावाचा पक्षी आवाज न करता खालच्या फांदीवर येऊन बसतो, मान तिरकी करून पाहतो, आणि हातमोजा काढून तळहात पुढे केला तर सरळ बोटांवर उतरतो. त्याचे वजन जाणवत नाही. जाणवते ती केवळ नखांची बारीक पकड आणि पायांचा गारवा. हा पक्षी हिवाळ्यात दक्षिणेला जात नाही. शरद ऋतूत खाद्याचे घास आपल्या चिकट लाळेने झाडांच्या सालीखाली चिकटवून ठेवतो आणि हिम पडल्यावर ते बरोबर शोधून काढतो. एवढेच नव्हे, तर हिवाळा सरण्याआधीच घरटे बांधून अंडीही घालतो. खडकांवर वारा येतो त्या दिशेने वाढत जाणारी तुषाराची शुभ्र पिसे, खाली पडलेल्या फांदीभोवती सशाचे ठसे, आणि स्वतःच्या श्वासाखेरीज दुसरा ध्वनी नाही असा अर्धा तास, हे सर्व त्याच वाटेवर आहे.

ह्या आनंदाला बाध आणणारी एक गोष्ट शेवटी नमूद केली पाहिजे. न्यू हॅम्पशायरमध्ये 4000 फुटांवरील 48 शिखरांची एक यादी आहे, ती पूर्ण करणाऱ्यांची 1957 पासून संघटना आहे, आणि तीच शिखरे पंचांगातील हिवाळ्यात, म्हणजे 21 डिसेंबर ते 20 मार्च ह्यांदरम्यान, सर करणाऱ्यांची स्वतंत्र नोंद होते. हिवाळी यादी प्रथम पूर्ण केली ती 1960 मध्ये मिरियम अंडरहिल आणि त्यांचे पती रॉबर्ट ह्यांनी. तेव्हा मिरियम 62 वर्षांच्या होत्या आणि रॉबर्ट सत्तरी ओलांडून गेले होते. आल्प्समध्ये पुरुषांच्या मदतीवाचून स्त्रियांनी अवघड चढाया कराव्यात म्हणून झटलेली ही बाई उतावळी नव्हती. यादी पुरी करण्याची ईर्षा उत्तम सोबत असताना शोभते. एकट्याच्या मनात मात्र ती परत फिरण्याच्या विरुद्ध बाजूने मत टाकीत राहते, ‘एवढे एकच राहिले आहे’ असे सांगत राहते. म्हणून यादीतील शिखरे एकट्याने करू नयेत, आणि एकट्याने गेलेली शिखरे यादीत धरू नयेत, असा नियम मी ओळखीच्या तरुण मंडळींना आग्रहाने सांगत असतो. पहिला हिवाळा अनुभवी मंडळाबरोबर काढावा, दुसऱ्यात गजबजलेल्या रविवारी पिअर्सवर एकट्याने जावे, आणि आयझेनहॉवरचा उघडा कणा वारा पडलेल्या एखाद्या मार्चच्या दिवसापर्यंत राखून ठेवावा.