शमी की वेडी बाभूळ? पाने, डहाळी व फुलांवरून निश्चिती

दशमुळे किंवा त्रिफळा यांच्या मानाने शमीची उलाढाल अल्प आहे. त्यामुळे तिच्या नावाने कोणती साल अथवा पाने आपल्या कोठीत येऊन पडतात, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. भावप्रकाशाने शमी तिक्त, कटु, कषाय व शीत सांगून कास, श्वास, कुष्ठ, अर्श आणि कृमी यांवर तिचा उपयोग वर्णिला आहे. हे गुण ज्या वृक्षाचे आहेत, त्याच्या शेजारी आज त्याच्याशी विलक्षण साम्य असलेला एक परका वृक्ष उभा आहे. दोहोंतील भेद जाणणे हे वैद्य व औषधी निर्माते या दोघांचेही काम आहे, असे आम्हांस वाटते.

हा परका वृक्ष म्हणजे आपली सर्वपरिचित वेडी बाभूळ. तिचे मूळ स्थान मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे व दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जळणासाठी व ओसाड जमिनी झाकण्यासाठी ती भारतात आणली गेली. जोधपूर संस्थानाने १९४० साली तिला ‘शाही’ वृक्षाचा मान दिला, तर कच्छच्या बन्नी प्रदेशात १९६० च्या दशकात क्षारभूमीचा प्रसार रोखण्यासाठी तिची लागवड झाली. पुढे तिने तेथील गवताळ राने गिळली. गुजरातीतही तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळच म्हणतात. ज्या मारवाडात अस्सल शमी ‘खेजडी’ या नावाने पूजनीय आहे आणि तिच्या कोवळ्या शेंगांची सांगरीची भाजी होते, तेथेच हे दोन्ही वृक्ष एकमेकांलगत वाढतात. माल तेथून येत असेल, तर अधिक दक्षता हवी.

ओळखीसाठी डहाळी प्रथम हाती घ्यावी. आमच्या मते सर्वांत विश्वासार्ह साक्ष तिचीच. शमीचे काटे लहान, सरळ, शंकूसारखे व बुडाशी रुंद असतात आणि ते दोन पेरांमधील कांड्यावर विखुरलेले असतात. वेडीचे काटे पेरापाशी, पानाच्या बगलेत, बहुधा जोडीने येतात. ते लांब व मजबूत असून कधी कधी ५ सेंटिमीटरपर्यंत वाढतात. तिची डहाळीही प्रत्येक पेराशी दिशा बदलत नागमोडी जाते. नुसत्या बोटांनी चाचपले तरी हा फरक कळतो. मात्र त्यासाठी किमान तीन-चार पेरांचा तुकडा हवा.

पाने दोहोंची द्विपिच्छाकृती आहेत, आणि येथेच घोटाळा होतो. शमीच्या पानास दलांच्या १ ते ३ जोड्या, बहुधा दोनच, आणि प्रत्येक दलावर दलकांच्या ७ ते १४ जोड्या असतात. दलके करडी हिरवी, तिरकस बुडाची व टोकाशी बारीक अणी असलेली. वेडीच्या दलांची संख्याही जवळजवळ तेवढीच. परंतु दलके अधिक लांब असतात व त्यांच्या जोड्या कधी कधी वीसच्या वर जातात. संख्या एकमेकींत मिसळत असल्याने केवळ पाने मोजून निर्णय देऊ नये.

फुलांचा उपयोग त्याहूनही मर्यादित आहे. दोहोंची कणिशे बारीक, लांबट व फिकट पिवळी असतात. शमीला ती प्रामुख्याने चैत्र-वैशाखाच्या सुमारास येतात. वेडी वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा फुलते. तथापि इतर सोबत्यांना बाजूस सारण्यास फुलेच उत्तम. गोल पिवळे गेंद दिसले की ती साधी बाभूळ समजावी. एकाच कणिशात गुलाबी-जांभळा व पिवळा असे दोन रंग असतील, तर तो वीरतरू. गणेशोत्सवाच्या पत्रीत तर बारीक पानांची कोणतीही काटेरी फांदी शमी म्हणून खपते, हे आपण सारे पाहतो!

शेंग मिळाल्यास संशय उरत नाही. शमीची शेंग बारीक, जवळजवळ गोलसर व लोंबती, आत गोडसर गर असलेली. निघंटूंतील ‘सक्तुफला’ हा पर्याय या गराकडेच बोट दाखवितो. वेडीची शेंग चपटी, जाड, गवती पिवळ्या रंगाची. तिच्यातील प्रत्येक बी कठीण कोषात बंद असते. चरकाने शमीफळ गुरू, उष्ण व केशघ्न म्हटले आहे. हे वर्णन वेडीच्या शेंगेस लावण्यास कोणताच आधार नाही. उलट, दीर्घकाळ मुख्यतः याच शेंगांवर ठेवलेल्या गुरांच्या जबड्याचे स्नायू क्षीण होतात व चर्वण अवघड होते, असे पशुवैद्यकात नोंदलेले आहे. त्याचे कारण तिच्यातील ज्युलिप्रोसिनसारखी अल्कलॉइडे मानली जातात.

लेबलांविषयी एक सूचना. जुन्या ग्रंथांत शमी ‘प्रोसोपिस स्पिसिजेरा’ या नावाने आढळते. आजचे नाव ‘प्रोसोपिस सिनेरारिया’. वेडी बाभूळही दीर्घकाळ ‘प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा’ म्हणून त्याच प्रजातीत मोडत असे. २०२२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील जाती वेगळ्या काढल्या व ती ‘नेल्टुमा ज्युलिफ्लोरा’ झाली. म्हणून पावतीवर नुसते ‘प्रोसोपिस’ लिहिलेला माल स्वीकारू नये.

भरड अथवा चूर्ण झाल्यावर वर सांगितलेल्या खुणांपैकी एकही उरत नाही. सालीच्या प्रत्येक खेपेसोबत त्याच झाडाची काटे व पाने असलेली डहाळी मागावी, ती वर्तमानपत्रात दाबून वाळवावी आणि स्थळ व संकलनाचा दिनांक लिहून खेपेच्या नोंदीसोबत ठेवावी. शेंगांचा नमुना हवा असल्यास संग्राहकास तसे उन्हाळ्यापूर्वीच सांगून ठेवावे. पाऊस स्थिरावल्यावर झाडावर शेंगा क्वचितच उरतात.