लोखंडी पेटीची करामत

उरण फाट्यावर कंटेनरच्या ट्रेलरमागे अडकलं की आपण कावतो. पण त्याच लोखंडी पेटीने जगाच्या व्यापाराची घडी मोडून नव्याने बसवली, आणि त्यात आपल्या न्हावा-शेव्याचाही वाटा आहे.

ट्रकवाल्याचं धाडस. पेट्यांनी जहाज भरायची जोखीम मुरलेल्या जहाजवाल्यांनी नव्हे, माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकमालकाने घेतली. 26 एप्रिल 1956 रोजी त्याचं ‘आयडियल एक्स’ जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. डेकवर पेट्या होत्या 58.

सहा डॉलरचे सोळा सेंट. पोती, खोकी, पिंपं हातांनी चढवायला टनामागे जवळपास 6 डॉलर पडत. मॅक्लीनच्या हिशेबात तोच खर्च 16 सेंटांच्या आत आला.

पेटंट सोडलं, जग जोडलं. पेटीच्या आठही कोपऱ्यांना भोकं असलेले पोलादी ठोकळे असतात. क्रेन त्यांतच अडकते, ट्रेलरही तिथेच पेटी धरतो. कोपऱ्यांच्या या जोडणीचं पेटंट मॅक्लीनच्या कंपनीने मोबदला न घेता खुलं केलं. म्हणून शांघायहून आलेली पेटी शेव्याच्या क्रेनला बिनचूक बसते.

गोदी मागे, बंदर पुढे. पेट्या रचायला ऐसपैस जागा हवी. ती नसल्याने लंडनच्या जुन्या गोद्या बंद पडल्या. मुंबईच्या गोद्यांतले कंटेनर खाडीपलीकडे आले. 26 मे 1989 रोजी न्हावा-शेव्याचं बंदर, म्हणजे जेएनपीटी, सुरू झालं. 2024-25 मध्ये इथे, 20 फुटी पेटीच्या मापाने, 70 लाखांहून जास्त कंटेनरची ये-जा झाली.

जमीन कोणाची? आगरी-कोळी भूमिपुत्रांची. जानेवारी 1984 मध्ये जासई-पागोटे भागात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी चाललेल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना याच लढ्याची कमाई. बंदराचं कौतुक करताना हे ऋण आधी मानायला हवं.

द्राक्षांचा गारवा. नाशिकची द्राक्षं युरोपला जातात ती रीफरमधून, म्हणजे थंडावा राखणाऱ्या कंटेनरमधून. आत तापमान शून्य अंशाच्या आसपास. जहाजाची वाट पाहतानाही वीज लागते, म्हणून यार्डात रीफरसाठी प्लगच्या रांगाच असतात.

दारावरची कुंडली. प्रत्येक पेटीवर चार अक्षरं आणि सात आकडे. पहिली तीन अक्षरं मालकाची खूण, चौथं बहुतेक वेळा ‘यू’. शेवटचा आकडा आधीच्या दहा खुणांवरून गणिताने काढलेला. नोंदवताना एखादा आकडा चुकला, तर हे गणित सहसा जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते.