हरवलेला शब्द घरातच शोधायचा

कुणाला पक्षाघात झाला की आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' असं म्हणतात. माणूस इस्पितळातून घरी आला की भेटायला येणारे विचारतात, हात उचलतो का, पाय टाकतो का? मालिश करणारा शोधला जातो, व्यायाम करून घेणारा येऊ लागतो. बोलण्याचं काय, असं विचारलं तर घरातलं कुणीतरी आवाज खाली आणून सांगतं, 'बोलणं गेलं त्यांचं. आता काही कळत नाही त्यांना.' यातलं पहिलं वाक्य खरं असतं. दुसरं मात्र पुष्कळदा पारखून न घेताच बोललेलं असतं. आणि ते त्या माणसासमोरच, त्याला ऐकू जाईल असं बोललेलं असतं.

ही दोन वाक्यं वेगळी करणं हे ज्यांचं काम, ते वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ. आपण त्यांना स्पीच थेरपिस्ट म्हणतो. तोतरं बोलणारं मूल किंवा ऐकू न येणारं मूल यांच्यासाठीच ही मंडळी असतात, असा आपला समज असतो. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग मोठ्या माणसांचा आहे, आणि त्यातला काही भाग आता रुग्णाच्या घरी जाऊन केला जातो. त्या घरी जाऊन करण्याच्या कामाविषयी आज बोलू.

आधी आजार समजून घेऊ. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात वसलेली असते. शरीराची उजवी बाजूही मेंदूचा डावा भागच चालवतो. म्हणून उजवा हात लुळा पडला की त्याच्याबरोबर बोलणंही गेलेलं पुष्कळदा दिसतं. पॅरिसच्या पॉल ब्रोका या शल्यवैद्यानं १८६१ साली एक रुग्ण तपासला होता. त्याला वर्षानुवर्षं 'तान' एवढा एकच उच्चार करता येत असे. काहीही विचारा, उत्तर 'तान, तान'. पण विचारलेलं त्याला पुष्कळसं कळत होतं. आकडे तो बोटांनी दाखवायचा. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकानं मेंदू पाहिला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागाला इजा झालेली आढळली. पुढे १८७४ साली कार्ल व्हेर्निके या जर्मन वैद्यानं दुसरा प्रकार मांडला. त्यात रुग्ण भरभर बोलतो, पण शब्दाला शब्द जुळत नाही आणि समोरच्याचं बोलणंही त्याला नीट उमगत नाही. भाषेच्या अशा हानीला वाचाघात म्हणतात. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश लोकांना तो होतो.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. कधी कधी भाषा शाबूत असते, फक्त जीभ-ओठांचे स्नायू दुबळे होतात आणि उच्चार जड, अस्पष्ट येतात. असा माणूस लिहून दाखवू शकतो. वाचाघातात मात्र लिहिणं-वाचणंही अडतं, कारण शब्दच हाताला लागत नाही. चहा हवा असतो आणि तोंडातून 'दूध' निघतं. 'चमचा' म्हणायचं असतं आणि 'चपचा' होतं. 'मी बाजारातून भाजी आणली' हे वाक्य 'मी... बाजार... भाजी' एवढंच उरतं. मनात विचार असतो, पण त्याला भाषेचं दार उघडत नाही. ज्याला हे कळतं, त्याचा संताप आपण समजू शकतो. घरचे म्हणतात, स्वभाव चिडका झाला.

मग घरी आलेला थेरपिस्ट करतो काय? पहिल्या दिवशी तो जवळजवळ काहीच शिकवत नाही. तो पाहतो. खाट कुठे आहे, माणसं कुठून बोलतात, टीव्ही किती वेळ चालू असतो, चष्मा नाकावर आहे की फडताळात, कवळी बसवली आहे का, ऐकू नीट येतं का. मग तो 'हो' आणि 'नाही' पक्कं करायला घेतो. वाचाघातात या दोन शब्दांची बऱ्याचदा अदलाबदल होते. त्यात आपली मान हलवण्याची पद्धत अशी, की होकार कोणता आणि नकार कोणता, हे परक्याला कळू नये. त्यामुळे 'हो'साठी अंगठा वर आणि 'नाही'साठी हात आडवा, अशी काहीतरी खूण ठरवावी लागते. ज्याचं 'नाही' घरात मानलं जातं, त्याला घरात जागा असते. औषध हवं का, दुखतंय का, कागदावर अंगठा उठवायचा का, हे सारं त्या एका 'नाही'वर अवलंबून असतं.

त्यानंतर शब्द. इस्पितळात चित्रांचे संच असतात. 'बोस्टन नेमिंग टेस्ट' ही जगभर वापरली जाणारी चाचणी घ्या. तिच्यात ६० चित्रं आहेत. झाड, पेन्सिल, कंगवा ही आपल्या ओळखीची. पण पुढे प्रेट्झेल नावाचा पाव येतो, बीव्हर नावाचा प्राणी येतो, बर्फाचं इग्लू येतं. परभणीच्या आजीला प्रेट्झेल ओळखता आला नाही, तर तो आजार म्हणायचा की भूगोल? घरी असली अडचण येत नाही. तवा आहे, अडकित्ता आहे, कुलूप-किल्ली आहे, देव्हारा किंवा जानमाज आहे, भिंतीवर नातवंडांचे फोटो आहेत. ज्या शब्दांची त्या माणसाला दिवसातून दहादा गरज पडते, ते सगळे तिथेच पडलेले असतात. थेरपिस्ट वस्तू पुढे धरतो. शब्द येत नसेल तर आधी उपयोग सांगतो, 'आमटी कशानं ढवळतो?' तरी अडलं तर पहिलं अक्षर देतो, 'च...' तरी अडलं तर वाक्य अर्धं सोडतो. पूर्ण शब्द तो अगदी शेवटी देतो. आपण घरचे मात्र पहिल्या सेकंदालाच देऊन मोकळे होतो.

आणि भाषा कोणती? हा प्रश्न मला जवळचा आहे. माझ्या आपाला पक्षाघात झाला, तेव्हा एका इस्पितळाच्या कागदावर तिच्या नावावरून कुणीतरी परस्पर 'मातृभाषा : उर्दू' असं लिहून टाकलं. आपा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मसाल्याचं कांडप चालवायची. चाळीस वर्षं गावातल्या बायका आणि ती मराठीतच बोलल्या, भांडल्या, हिशेब केले. घरात आमची दखनी, नमाजात अरबी. पुस्तकी उर्दू तिच्या आयुष्यात फक्त निकाहाच्या पत्रिकेवर होती. इस्पितळात तिला 'कुर्सी', 'किताब' दाखवली जात होती आणि ती गप्प. निष्कर्ष निघाला, आकलन कमी. पुढे घरी येऊ लागलेल्या थेरपिस्ट बाईंनी ओट्यावरचा मसाल्याचा डबा मांडीवर घेतला. एक एक जिन्नस उचलून त्या नाव घेत होत्या. नाकेशर हातात घेऊन त्या 'लवंग' म्हणाल्या. आपानं डावा हात जोरात आडवा हलवला आणि म्हणाली, 'न्हाय.' आजारानंतरचा तिचा तो पहिला खणखणीत नकार. बाईंनी कागदावरचं 'उर्दू' खोडलं आणि दुसऱ्या दिवसापासून धणे, हळकुंड, दगडफूल यांवर काम सुरू झालं.

अनेक भाषा बोलणाऱ्याला वाचाघात झाला तर कोणती भाषा आधी परतते, यावर एकोणिसाव्या शतकापासून वाद आहे. फ्रान्समधले रिबो म्हणत, जी सर्वांत आधी शिकली ती. त्यांच्याच देशातले पित्र म्हणत, आजारापूर्वी जी सर्वांत जास्त वापरात होती ती. दोन्हींची उदाहरणं सापडतात आणि दोन्हींना छेद देणारीही. म्हणजे नाव, धर्म किंवा आधारकार्डावरून भाषा ठरवता येत नाही. ती घरात बसून ऐकावी लागते.

घरी आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, तो एक ते दहा आकडे सलग म्हणतो. कुणी रामरक्षा म्हणतं, कुणी सूरह फातिहा. शिव्याही स्वच्छ येतात. घरच्यांना वाटतं, हा मुद्दाम बोलत नाही. तसं नसतं. घोकून अंगवळणी पडलेलं बोलणं आणि मनात नवं वाक्य जुळवणं, या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे जॅक्सन या इंग्रज वैद्यानं एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. गाण्याचंही तसंच. १९७३ साली बॉस्टनमधल्या तज्ज्ञांनी सुरावर शब्द बसवून, डाव्या हातानं ठेका देत बोलणं परत आणण्याची एक पद्धत मांडली. ती प्रत्येकाला लागू पडत नाही. पण 'पाणी दे' हे दोन सुरांत म्हणता येणारे रुग्ण असतात.

थेरपिस्टचं एक काम बोलण्याशी नाहीच, ते गिळण्याशी आहे. ज्या स्नायूंनी आपण बोलतो, त्यांतल्या बऱ्याच स्नायूंनी आपण गिळतो. पक्षाघातानंतर घास किंवा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. ऐकून आश्चर्य वाटेल, पण अशा वेळी पुष्कळदा सर्वांत धोक्याचं असतं ते साधं पाणी. पातळ असल्यानं ते घशात वेगानं उतरतं आणि दुबळ्या स्नायूंना तेवढी सवड मिळत नाही. मऊ भात, घट्ट पेज अनेकांना त्याहून सोपी जाते. आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडात प्रेमानं चमचाभर गंगाजल किंवा झमझम सोडणं म्हणूनच जोखमीचं आहे. ताठ बसवणं, लहान घोट, एक गिळून झाल्यावरच दुसरा, जेवताना गप्पा नाहीत. खाताना ठसका लागत असेल किंवा नंतर आवाज ओलसर, घरघरता येत असेल, तर लगेच तज्ज्ञांना दाखवावं. कधी कधी ठसका न लागताही पाणी फुप्फुसात जातं. त्यामुळे काय खायला द्यायचं, हे तपासणीनंतरच ठरवावं.

या साऱ्याचा उपयोग होतो का? २०१६ साली ५७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. वाचाघातात भाषा-उपचारांचा फायदा होतो, असं त्यात दिसलं. भरपूर आणि सातत्यानं केलेल्या उपचारांचा फायदा अधिक, पण ते सगळ्यांना झेपत नाहीत, हेही दिसलं. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगानं होते. पुढे वेग मंदावतो, पण वर्षांनंतरही नवे शब्द परतलेले आहेत. 'सहा महिने झाले, आता काही होणार नाही' हे खरं नाही.

अडचण आहे ती माणसांची. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ची, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ची. मुंबईत नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयातही हे शिक्षण मिळतं. तरी तालुक्याच्या गावी असा तज्ज्ञ शोधूनही मिळत नाही. जो मिळेल, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे पाहून घ्यावं. २०२०च्या टाळेबंदीनंतर मोबाइलच्या पडद्यावरून उपचार घेणं रुळलं, त्याचा आडगावच्या लोकांना उपयोग होतो. पण प्रत्यक्ष आला काय, पडद्यावर आला काय, थेरपिस्ट आठवड्यातून एक-दोन तास असतो. उरलेले सगळे तास घरच्यांचे. म्हणून घरी येणारा चांगला थेरपिस्ट रुग्णाइतकंच सुनेला, मुलाला, नातवाला शिकवतो.

त्यानं शिकवलेल्या गोष्टी अगदी साध्या असतात. टीव्ही बंद करा. समोर बसा. एका वेळी एकच प्रश्न विचारा. 'काय खाणार?' यापेक्षा 'पोहे की उपमा?' हे विचारणं बरं. ओरडू नका, त्याचे कान गेलेले नाहीत. बाळाशी बोलतो तसं बोबडं बोलू नका. कळलं नसेल तर कळल्याचं नाटक करू नका. 'पुन्हा सांगा, दाखवा, कागदावर काढा' असं म्हणा. आणि थांबा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. वाचाघात झालेल्या माणसासाठी ते दहा आकडे फार मोठी सवलत असते.

स्वीडनचे कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९०मध्ये पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जवळजवळ संपलं. त्यानंतरही त्यांचे कवितासंग्रह आले, डाव्या हातानं ते पियानो वाजवत राहिले आणि २०११ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या तुटक शब्दांचा अर्थ त्यांच्या पत्नी लोकांना सांगत. माझ्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्या माणसाला यातलं नोबेल दूरचं वाटतं. जवळचं वाटतं ते त्यांच्याजवळ बसून अर्थ लावणारं माणूस.

आपल्या नात्यात, शेजारात असा एखादा गप्प झालेला माणूस असेलच. पुढच्या वेळी भेटायला जाल, तेव्हा त्याच्या तब्येतीची चौकशी सुनेकडे करू नका. खुर्ची त्याच्याजवळ ओढा, त्यालाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बसून राहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)